शेतावर पाठवण्याआधी

कुत्रा पाळणाऱ्या शहरी मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘आमचा टायगर ना, शेतावर पाठवला.’ बोलणाऱ्याचा सूर इथे किंचित खाली येतो आणि ऐकणाराही पुढे फार चौकशी करत नाही. शेत कुठले, कोणाचे, तिथे त्याच्याकडे कोण बघते, हे विचारणे शिष्टाचारात बसत नाही. काही कुत्री खरोखरच शेतावर जातात, विहिरीच्या कडेला आंब्याखाली मजेत राहतात, हे मान्य. परंतु पुण्या-मुंबईच्या ब्लॉकमधून आजवर जेवढी कुत्री शेतावर गेली म्हणतात, तेवढी शेते या दोन शहरांतल्या माणसांच्या नावावर असतील असे वाटत नाही. त्यातली बरीचशी कुठल्या तरी हमरस्त्याच्या कडेला, नाहीतर घाटाच्या पायथ्याशी मोटारीतून उतरवलेली असतात. घरात वाढलेल्या कुत्र्याला रहदारी ठाऊक नसते, आणि त्या भागातली गावठी कुत्री त्याला आपल्या हद्दीत उभेही राहू देत नाहीत. पुढचे सांगायला नको.

कारण विचारावे तर ‘चावायला लागला होता’ असे क्वचितच असते. पुष्कळदा कारण फरशीवर असते. चार-पाच वर्षे शहाण्यासारखा वागलेला कुत्रा एकाएकी दिवाणखान्यात, पलंगाच्या पायाशी, कधी थेट गादीवर लघवी करू लागतो. पहिल्या दिवशी घर हसते, चौथ्या दिवशी ओरडते, पंधराव्या दिवशी नाक दाबते. महिनाभराने सासूबाईंच्या मैत्रिणी येणार असल्या की त्याची रवानगी बाल्कनीत होते, आणि एकदा बाल्कनीत गेलेल्या कुत्र्याचा शेताकडचा प्रवास निम्मा झालेला असतो. माझा आक्षेप या प्रवासाच्या वेगाला आहे. हा निर्णय घेणाऱ्या घरांपैकी किती जणांनी त्याआधी कुत्र्याची एक साधी लघवीची तपासणी करून घेतलेली असते? माणसाची करून घ्यायला आपण लगेच बाटली घेऊन धावतो.

मुळात आपण सुरुवातच आरोपपत्राने करतो. ‘मुद्दाम करतो.’ ‘काल फिरायला नेलं नाही ना, त्याचा सूड.’ ‘बाळ आल्यापासून जळतो मेला.’ कुत्र्याला सूड उगवायचा असेल तर आपली लघवी तो त्यासाठी वापरेल ही कल्पनाच माणसाची आहे. घाण ही शिक्षा आहे, असे आपल्याला वाटते. कुत्र्याला ती घाण वाटतच नाही. त्याच्या लेखी ती चिठ्ठी असते, शेजारच्या खांबावरची चार चिठ्ठ्या वाचल्याशिवाय तो पुढे सरकत नाही हे आपण रोज बघतो.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, ‘पण त्याला कळतं हो! आपण आत आलो की कान पाडून, शेपूट घालून कोपऱ्यात बसतो. अपराधी चेहरा असतो अगदी.’ या अपराधी चेहऱ्याची परीक्षा अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील संशोधक बाईंनी घेतली, आणि २००९ साली ती प्रसिद्ध केली. १४ कुत्री घेतली. मालकाने ‘हा खाऊ खायचा नाही’ असे बजावून खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर त्याला कधी खरे, कधी खोटे सांगायचे की कुत्र्याने खाऊ खाल्ला. खाल्ला असे कळले की मालक रागावणार. त्यातून निष्पन्न काय झाले, तर अपराधी चेहऱ्याचा कुत्र्याच्या अपराधाशी संबंधच लागेना. मालक रागावला की तो चेहरा होई, खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट ज्यांनी काहीच केले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा सर्वांत जास्त अपराधी दिसला. म्हणजे आपण ज्याला कबुलीजबाब समजतो ती नुसती भीती असते. दारातून आत येणाऱ्या माणसाचा आवाज आणि खांदे पाहून तो आधीच घाबरलेला असतो.

आपल्याकडे तर ही गोष्ट फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात, जनमेजयाच्या सत्रात एक कुत्र्याचे पोर शिरते आणि राजाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जाते. आई विचारते, तू काही केले असशील. पोर सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे दूरच. सरमा यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते, की माझ्या निरपराध मुलाला का मारले? एवढ्या विद्वानांच्या सभेत एकालाही उत्तर देता येत नाही. मग ती शाप देते आणि राजा तो शाप निवारणारा पुरोहित शोधत हिंडतो. महाभारतासारख्या ग्रंथाच्या उंबरठ्यावरच ही कथा यावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

तेव्हा नाक घासणे, वर्तमानपत्राच्या सुरळीने मारणे, मोरीत कोंडणे हे सगळे बंद. याने एकच शिक्षण मिळते, की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग तो सोफ्यामागे जाऊन करतो. त्याहून वाईट म्हणजे रस्त्यावरही तुम्ही पट्टा धरून शेजारी उभे असताना त्याला होत नाही, आणि घरी आल्या आल्या तो पडद्याआड जातो. लोक म्हणतात, ‘तासभर फिरवला, तिथं केली नाही, घरात येऊन केली, बघा किती लबाड!’

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मोठा, वळण लागलेला कुत्रा एकाएकी घरात लघवी करू लागला तर तो आजारी आहे असे धरून चालावे, आणि तसे नाही हे डॉक्टरांना सिद्ध करू द्यावे. यासाठी घरच्या घरी एक काम करता येते. त्याला पैसे पडत नाहीत. त्याचे पाणी मोजा. सकाळी लिटरच्या मापाने भांडे भरा, दिवसभरात घातलेले लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले वजा करा. वजनाच्या प्रत्येक किलोमागे चोवीस तासांत १०० मिलिलिटरहून जास्त पाणी पोटात जात असेल, तर काहीतरी बिघडले आहे असे पशुवैद्यकात मानतात. २५ किलोच्या लॅब्राडॉरला याचा अर्थ अडीच लिटर. भर उन्हाळ्यात किंवा कोरडे खाणे असेल तर पाणी वाढते, पण एवढे नाही.

पाणी वाढले असेल तर संशयितांची यादी ठरलेली आहे. मधुमेह कुत्र्यांनाही होतो. खातो भरपूर, पितो भरपूर आणि वाळत मात्र जातो, ही त्याची खूण, आणि पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. उपचार इन्सुलिनचे, बहुधा दिवसातून दोनदा, जन्मभर. ऐकायला भयंकर वाटते, पण आईला इन्सुलिन टोचणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना हे जमते. मूत्रपिंडाचा जुनाट विकार ही दुसरी शक्यता. यात अडचण अशी, की रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडाचे सुमारे पाऊण काम बंद पडलेले असते. लघवी पाण्यासारखी पातळ होणे हे त्याच्या बरेच आधी सुरू होते. म्हणजे ज्या डबक्यावरून आपण त्याला रागावत होतो, ती पहिली सूचना होती. पोट सुटलेले, केस विरळ, भूक आणि तहान दोन्ही अनावर, असे असेल तर कुशिंग नावाचा ग्रंथींचा विकार असू शकतो. आणि खाजेवर किंवा ॲलर्जीवर स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही पाणी आणि लघवी वाढते. अशा वेळी गोळ्या आपल्या मनाने एकदम तोडायच्या नसतात, ज्यांनी दिल्या त्यांना विचारायचे असते.

मादीच्या बाबतीत एक गोष्ट ठळक अक्षरांत सांगायला हवी. जिची नसबंदी झालेली नाही, जी मध्यमवयीन आहे, जिची माजावर येण्याची पाळी महिना-दोन महिन्यांपूर्वी होऊन गेली आहे, आणि जी आता मरगळून पडते, खात नाही, पाणी मात्र ढसाढसा पिते आणि घरात लघवी करते, तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. पू बाहेर दिसेलच असे नाही. यात ‘सोमवारी बघू’ चालत नाही. त्याच दिवशी दवाखाना आणि बहुधा शस्त्रक्रिया. ‘म्हातारी झाली, आता असंच चालायचं’ म्हणून ज्या कुत्र्या दोन दिवस गॅलरीत ठेवल्या गेल्या, त्यातल्या कित्येक तिसरा दिवस बघत नाहीत.

पाणी नेहमीइतकेच, पण थोडी थोडी, वारंवार, कुंथत होते, वास उग्र येतो, कधी लालसर झाक दिसते, तर संसर्ग किंवा खडा. औषध आठ दिवसांत गुण देते म्हणून चौथ्या दिवशी बंद करू नये, आणि कपाटात उरलेल्या माणसाच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. अंगदुखीवरच्या आपल्या नेहमीच्या काही गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. नर कुंथतो आहे आणि थेंबही येत नाही, असे झाले तर रात्र असली तरी निघावे.

आणखी एक प्रकार असा, की त्यात बिचाऱ्या जनावराला पत्ताच नसतो. नसबंदी झालेली, अंगाने मोठी मादी झोपेतून उठते आणि खाली ओले वर्तुळ असते. जागेपणी ती व्यवस्थित बाहेर जाते. नसबंदीनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, मूत्रमार्गाच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो त्याचा हा परिणाम. बहुतेकींना गोळ्यांनी चांगला आराम पडतो. आमच्या ओळखीच्या एका घरात अशाच एका मादीला सहा महिने ‘आळशी झालीय’ म्हणून बोलणी बसत होती. (म्हणून नसबंदी करू नये, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. वर सांगितलेला पू नसबंदीनेच टळतो.)

तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी लागते. ती पकडणे हा सोसायटीच्या आवारातला करमणुकीचा कार्यक्रम असतो. एकाने पट्टा धरायचा, दुसऱ्याने स्वच्छ धुतलेला पसरट डबा किंवा जुना डाव घेऊन मागून दबकत जायचे. वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघतात. बघू द्यावे. नमुना दोन तासांत पोचवावा, नाहीतर शीतकपाटात, म्हणजे घरच्या लोकांनी दह्याच्या वाटीपासून दूर ठेवावा.

या सगळ्यात आपल्याकडचा एक रामबाण उपाय मात्र सर्वांत घातक आहे, तो म्हणजे पाणी तोडणे. ‘संध्याकाळी सातनंतर पाणीच ठेवत नाही, मग बघू कुठून करतो.’ मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या विकारात शरीरातले पाणी आधी निघून जाते आणि त्याची भरपाई म्हणून तहान लागते. भांडे उचलले तरी लघवी होतच राहते आणि कुत्रा आतून सुकतो. तहानलेल्या जनावरासमोरून भांडे उचलणारी माणसे वाईट नसतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

पावसाळ्यासाठी एक सूचना. लेप्टोस्पायरोसिस मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. तो प्रामुख्याने उंदरांच्या मुतातून पसरतो, पण साचलेल्या पाण्यातून फिरणाऱ्या कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या लघवीतून घरातल्यांपर्यंत पोचू शकतो. त्याची लस दरवर्षी टोचावी आणि लघवी पुसताना हातमोजे घालावेत. हा हातमोज्याचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो आहे, कारण त्यातून पुढचा प्रश्न निघतो.

पुसते कोण?

कुत्रा आणण्याचा हट्ट मुलांचा असतो, कौतुक बाबांचे असते, इंटरनेटवर फोटो थोरल्याचा असतो. सकाळी सहा वाजता अनवाणी पाय त्या ओल्यात पडतो तो घरातल्या बाईचा. आणि तिने नाही पुसले तर धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनी, ज्यांच्या पगारात हे काम ठरलेले नसते. घरातली चिडचीड इथून सुरू होते आणि ती कुत्र्यावर निघते, कारण तो उलट बोलत नाही. ज्या घरात पुसण्याची पाळी कागदावर लिहून फ्रीजवर लावली जाते, त्या घरात ‘शेताचा’ विषय बराच उशिरा निघतो. ज्याने आणला त्याने आठवडाभर पुसून पाहावे. डॉक्टरांची वेळ तोच घेईल.

आजार नाही असे नक्की झाले की मग घराच्या वेळापत्रकाकडे बघायचे. धडधाकट मोठा कुत्रा साधारण सहा ते आठ तास रोखून धरू शकतो. आपल्याकडे सकाळी साडेसातला खाली नेलेल्या कुत्र्याने रात्री साडेआठपर्यंत थांबावे अशी अपेक्षा असते. आपण स्वतः कचेरीत तेवढे थांबून पाहावे. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी आलेल्या पिल्लांची ही विशेष अडचण झाली. त्यांना दिवसभर माणसे आणि मागाल तेव्हा बाहेर, अशी सवय लागली, आणि मग एके दिवशी सगळे घर डबे घेऊन कामावर निघून गेले. दार लागल्यावरच लघवी होत असेल, सोबत भुंकणे आणि दाराला नखे मारणे असेल, तर तो एकटेपणाचा घाबरा आहे, आणि त्यावर एकटे राहण्याचा सराव अगदी दोन-दोन मिनिटांपासून करावा लागतो. कुत्र्याला कायम बांधून ठेवणाऱ्यांसाठी कायदाही आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिला आहे. हे वाचून पुष्कळ सज्जन दचकतील.

बाकीचे प्रकार ओळखायला सोपे आहेत. उभ्या वस्तूवर, तंगडी वर करून, चमचाभर, म्हणजे हद्द आखणे. नवा सोफा, पाहुण्यांची बॅग, नवे बाळ, जवळपास माजावर आलेली मादी अशी त्याची निमित्ते असतात. नसबंदीने हे बऱ्याच नरांत कमी होते, पण वर्षानुवर्षांची सवय असेल तर पूर्ण जाईल याची हमी नाही. पाहुणे आले, आपण ओरडलो किंवा अंगावर वाकलो की पोट दाखवत तिथेच सुटते, तो भित्र्या स्वभावाचा नमस्कार समजावा. रागावल्याने तो दुप्पट होतो, दुर्लक्ष करून आडव्या बाजूने शांतपणे जवळ गेल्याने कमी होतो. दिवाळीच्या आवाजांनी चार दिवस खाली उतरायलाच तयार नसलेली कुत्री असतात, त्यांना उजेड असताना, फटाक्यांच्या आधी फिरवून आणावे. आणि जुलैमध्ये भिजायला नको म्हणून जिन्यातूनच परतणारी नाजूक प्रकृतीची मंडळीही असतात. त्यांना छत्री लागते. हसू नका, लागते.

नवे वळण लावायचे तर काही आठवडे त्याला पुन्हा पिल्लू समजावे. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्यापूर्वी खाली न्यावे, आणि घरात नजरेआड होऊ देऊ नये. बाहेर केली की तिथल्या तिथे, त्या क्षणी, बक्षीस द्यावे. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर दिलेला बिस्किटाचा तुकडा त्याच्या लेखी जिना चढल्याबद्दलचा असतो. बरेच लोक आणखी एक गोष्ट नकळत करतात. त्याची झाली रे झाली की पट्टा ओढून घरी. कुत्रा त्यातून शिकतो, की लघवी केली की फिरणे संपते, आणि मग तो ती राखून ठेवायला लागतो. झाल्यावर आणखी दहा मिनिटे हिंडवावे.

जागा धुण्याचेही शास्त्र आहे. फिनेलने आपले समाधान होते, कुत्र्याचे नाक फसत नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटी. अमोनिया असलेली द्रव्ये तर उलटे काम करतात, कारण लघवीतूनही तोच वास निघतो आणि ‘इथे करायची असते’ असा निरोप कायम राहतो. आधी रद्दी कागदाने टिपून घ्यावे (ही पुरवणी वापरली तरी लेखकाची हरकत नाही), मग पाण्याने, आणि शेवटी वासाचे मूळ मोडणाऱ्या एन्झाइमच्या द्रव्याने पुसावे. प्राण्यांच्या दुकानात ते मिळते.

म्हाताऱ्या कुत्र्याचे गणित निराळे. त्याला कधी कळते पण उठवत नाही. मागचे सांधे धरलेले आणि खाली गुळगुळीत टाइल्स, दारापर्यंत पोचेतो वेळ निघून गेलेली असते. अशा घरात बिछान्यापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्या, रबरी चटया टाकल्या तर निम्मा प्रश्न सुटतो. कधी डोक्याचाच विसर पडतो. रात्री येरझाऱ्या, भिंतीकडे तोंड करून उभे राहणे, ओळखीच्या घरात वाट चुकणे ही वार्धक्यातली विस्मृती. ती उलटवता येत नाही, औषधांनी थोडी सुसह्य होते. मग बाल्कनीत गवताची किंवा कागदाची जागा, डायपर, गादीवर रबरी कापड, आणि घरात आजोबांसाठी जे जे केले ते ते. दहा-बारा वर्षे जो दारातली प्रत्येक चप्पल ओळखत होता त्याचे हे शेवटचे वर्ष-दीड वर्ष असते.

तरीही काही घरांना खरेच जमत नाही, हे मला मान्य आहे. घरात आजारपण असते, भाड्याचे घर असते, मालक सांगून जातो, खर्च झेपत नाही. अशांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण सोडून देणे आणि दुसरे घर पाहून देणे यांत फार अंतर आहे. पाळलेला प्राणी उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी विनाकारण टाकून जाणे हाही त्याच १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये, तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी थांबेल अशी आशा नको.

दुसरे घर बघायचेच झाले तर खरे सांगून बघावे. ‘घरात लघवी करतो, तपासण्या झाल्या, अमुक निघाले, तमुक गोळी चालू आहे’ हे लपवून दिलेला कुत्रा पंधरा दिवसांत तिसऱ्या दारात उभा असतो. तपासण्यांचे कागद, लसींची वही, औषधे आणि जेवणाच्या वेळा सोबत द्याव्यात. त्याची सतरंजीही द्यावी, न धुता. पहिल्या दोन-तीन रात्री त्याला त्या वासावर झोप लागेल.